वाळूचा चढ आणि कसबी दिग्दर्शक

वाळवंटात एक लष्करी ॲम्ब्युलन्स वाळूच्या उंच चढापाशी अडून राहिली आहे. इंजिनाच्या जोरावर वर जायला गेलं की चाकं जागच्या जागी फिरतात, वाळू उडते आणि गाडी आणखी रुतते. माणसं चार, पाणी मोजकं, आणि मागे फिरायची सोय नाही. मग ती चौघं एक युक्ती करतात. गाडीची पाठ चढाकडे करायची, इंजिनाचे स्पार्क प्लग काढून ठेवायचे, रिव्हर्स गिअर टाकायचा आणि समोरचं हँडल हाताने मारत मारत गाडी उलटी वर चढवायची.

ऐकायला वेडगळ वाटतं, पण त्यामागचं यंत्रशास्त्र चोख आहे. त्या काळच्या गाड्यांना पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन फिरवायची सोय असे. प्लग काढले की सिलिंडरमध्ये हवा दाबली जात नाही, त्यामुळे हँडल माणसाच्या हाताला पेलतं. रिव्हर्स हा गाडीतल्या सर्वांत ताकदीच्या गिअरांपैकी एक. त्यात हँडलचे पुष्कळ फेरे झाले की चाक जेमतेम सरकतं, पण जे सरकतं ते मोठ्या जोराने. चाक इतकं सावकाश फिरतं की वाळू उडत नाही आणि पकड सुटत नाही.

हा प्रसंग १९५८ सालच्या 'आइस कोल्ड इन ॲलेक्स' या ब्रिटिश चित्रपटातला. काळ १९४२, जागा उत्तर आफ्रिका. लिबियातलं तोब्रुक सोडून इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, म्हणजे नावातलं 'ॲलेक्स', गाठायची धडपड चालू आहे. दिग्दर्शक जे. ली थॉम्पसन. चढाचा प्रसंग दाखवताना ते घाई करत नाहीत. चढ केवढा आहे ते दिसतं, हँडल दिसतं, चाक दिसतं, आळीपाळीने राबणारी माणसं दिसतात. इतके फेरे मारले तेव्हा गाडी एवढीशी सरकली, हा हिशेब प्रेक्षकाच्या मनात आपोआप मांडला जातो. माथा हाताशी आलेला असताना ताबा सुटतो आणि गाडी घरंगळत पायथ्याशी येते. बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो तो त्या हिशेबामुळे. पुन्हा तेवढेच फेरे मारायचे आहेत हे कुणा पात्राने बोलून दाखवायची गरज उरत नाही.

अशा कामाला दाद द्यायला आपण शिकलो नाही. दिग्दर्शकाची 'दृष्टी', त्याची 'शैली', त्याचं 'विश्व' यांवर लिहिलं जातं. वाळूचा चढ नीट समजावून देणाऱ्या माणसाबद्दल मात्र 'ठीक आहे, व्यवस्थित केलंय' इतकंच म्हटलं जातं. हे व्यवस्थित करणं म्हणजे काय, आणि ते पडद्यावर कुठे दिसतं, ते इथे उलगडून पाहू.

रोजावरचा कारागीर

इंग्रजीत अशा दिग्दर्शकाला 'जर्नीमन' म्हणतात. शब्दात 'जर्नी' दिसत असली तरी प्रवासाशी त्याचा संबंध नाही. फ्रेंचमध्ये 'जुर्ने' म्हणजे दिवस, दिवसभराचं काम. युरोपातल्या जुन्या कारागीर संघांत उमेदवारी संपवलेला, रोजावर काम करणारा, पण अजून स्वतःचं दुकान न थाटलेला माणूस म्हणजे जर्नीमन. त्याला काम येतं हे सगळ्यांना मान्य असतं, पण पाटीवर नाव त्याचं नसतं. मराठीत 'कसबी' हा शब्द त्याला नेमका बसतो.

चित्रपटात हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला, त्याला एक इतिहास आहे. १९५०च्या दशकात पॅरिसच्या 'काइए द्यु सिनेमा' या नियतकालिकातल्या समीक्षकांनी असं मांडलं की चित्रपटाचा खरा कर्ता दिग्दर्शकच, कादंबरीचा कर्ता जसा लेखक असतो तसा. फ्रान्स्वा त्रूफो यांचा १९५४ सालचा लेख या वादाचा आरंभबिंदू मानला जातो. पुढे १९६२ साली समीक्षक अँड्र्यू सॅरिस यांनी हा विचार अमेरिकेत रुजवला. या मांडणीने एक मोठं चांगलं काम केलं. हिचकॉक, हॉक्स यांच्यासारखे, स्टुडिओच्या चाकोरीत काम करणारे दिग्दर्शक कलावंत म्हणून ओळखले गेले. पण एक सवयही लागली. चित्रपट पाहताना 'काम कसं झालंय' याआधी 'सही कुणाची आहे' हे शोधायची. ज्याची सही ठळक नाही तो आपोआप दुसऱ्या रांगेत गेला.

थॉम्पसन यांची सही सापडणं कठीणच. ते मुळात नाटककार. १९५० साली आपल्याच नाटकावरून पहिला चित्रपट केला आणि १९८९ पर्यंत चाळीसहून अधिक चित्रपट दिग्दर्शित केले. फाशीची वाट पाहणाऱ्या बाईची गोष्ट केली, मध्यमवर्गीय घरातल्या मोडत्या संसाराची केली, 'केप फिअर'सारखा अंगावर काटा आणणारा थरारपट केला, माकडांच्या ग्रहाच्या मालिकेतले दोन भाग केले, आणि उतारवयात नट चार्ल्स ब्रॉन्सन यांच्याबरोबर ९ मारधाडपट. त्यांतले काही अगदी सुमार आहेत, ते सुमार आहेत असंच म्हणायला हवं. पण १९५८ ते १९६१ या चार वर्षांत त्यांनी साहसपटाचा जो धडा घालून दिला, तो फार थोड्यांना जमला.

दिवसाची दोन पानं

या कसबाचा पाया हिशेबात आहे, म्हणून आधी हिशेब.

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असं धरतात. दोन तासांचा चित्रपट म्हणजे सुमारे १२० पानं. प्रत्येक पानाचे आठ भाग पाडतात आणि चित्रीकरणाचं वेळापत्रक त्या अष्टमांशांत मांडतात. दोन माणसं खोलीत बसून बोलताहेत असा प्रसंग असेल तर दिवसाला चार-पाच पानं निघतात. साहसपटात घोडे, बोटी, दारूगोळा, पाऊस आणि शंभर माणसांचा जमाव असतो, तिथे दिवसाला एक-दोन पानं झाली तरी दिवस चांगला गेला. 'ते दरी ओलांडतात' हे पटकथेतलं एक अष्टमांश पान असतं आणि त्याला चार दिवस लागू शकतात. वेळापत्रक इथेच कोसळतं. कसबी दिग्दर्शक ती ओळ वाचतानाच ओळखतो की इथे चार दिवस जाणार, आणि ते चार दिवस कुठल्या बोलक्या प्रसंगातून वाचवायचे हेही ठरवून ठेवतो.

फिल्मच्या काळात आणखी एक बंधन होतं. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ फ्रेम या गतीने मिनिटाला ९० फूट खपते. १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं, हलक्या कॅमेऱ्यातलं ४०० फुटांचं रीळ साडेचार मिनिटांत. 'चालू ठेवा, बघू काय मिळतं ते' हा मार्गच नव्हता. कुठला शॉट कुठे कापला जाणार हे डोक्यात असल्याशिवाय कॅमेरा चालू करणं परवडत नसे. जुन्या साहसपटांत शॉट जागच्या जागी बसलेले वाटतात, याचं एक कारण ही टंचाई आहे.

वाळवंटात तर अडचणी जमिनीतूनच उगवतात. वाळूच्या टेकाडावर एक टेक झाला की चाकांच्या खुणा आणि पावलांचे ठसे उमटतात. दुसरा टेक घ्यायचा तर ठसे झाडून काढा, वाऱ्याची वाट पाहा किंवा शेजारचं टेकाड शोधा. म्हणून कोरी वाळू लागणारे दूरचे शॉट आधी घ्यायचे आणि तुडवलेली वाळू चालेल असे जवळचे शॉट नंतर. सूर्यही थांबत नाही. सकाळी डावीकडे पडणारी सावली दुपारनंतर उजवीकडे जाते, आणि एकाच प्रसंगातल्या दोन शॉटांत सावल्या उलट्या पडल्या की प्रेक्षकाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी. मग विस्तीर्ण शॉट सकाळी, चेहरे दुपारी, आणि भर माथ्यावरच्या उन्हात गाडीच्या आतले शॉट, असा क्रम लावावा लागतो. हे सगळं केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि नाही केलं तर चित्रपट विस्कटलेला दिसतो.

चार प्रश्न

साहसपटातल्या कुठल्याही क्षणी प्रेक्षकाला चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कोण कुठे आहे, पल्ला किती आहे, वेळ किती उरला आहे आणि काम किती जड आहे. यांतलं एक उत्तर जरी हरवलं तरी भीती विझते. उरतो तो गोंगाट.

'द गन्स ऑफ नॅव्हरोन' (१९६१) या चारही प्रश्नांची उत्तरं सुरुवातीलाच देऊन टाकतो. एका ग्रीक बेटावर २,००० ब्रिटिश सैनिक अडकले आहेत. त्यांना काढायला युद्धनौका येणार आहेत, पण वाटेतल्या सामुद्रधुनीवर नॅव्हरोन बेटाच्या कड्यातल्या दोन अजस्र जर्मन तोफा नजर ठेवून आहेत. विमानांना त्या फोडता येत नाहीत, कारण त्या खडकाच्या पोटात आहेत. नौका ठरल्या वेळी निघणारच. तेव्हा मोजक्या माणसांनी पाठीमागच्या, चढणं अशक्य मानल्या गेलेल्या कड्यावरून बेटावर शिरायचं आणि तोफा उडवायच्या. जागा, पल्ला, मुदत, वजन सगळं सांगून झालं. यापुढची अडीच तासांची गोष्ट याच चार खुंट्यांवर टांगलेली आहे.

नॅव्हरोन बेट काल्पनिक आहे. ॲलिस्टर मॅक्लीन यांच्या १९५७ सालच्या कादंबरीला १९४३ सालच्या लेरोस बेटावरच्या लढाईची पार्श्वभूमी होती. निर्माते आणि पटकथाकार कार्ल फोरमन यांनी दिग्दर्शनासाठी आधी अलेक्झांडर मॅकेंड्रिक यांना घेतलं होतं. मतभेद झाले आणि चित्रीकरण तोंडावर आलेलं असताना त्यांच्या जागी थॉम्पसन आले. नट ठरलेले, जागा ठरलेल्या, पैसा खर्च होऊ लागलेला. अशा वेळी नवा दिग्दर्शक सगळं नव्याने मांडायला बसला तर काम बुडतं. थॉम्पसन यांनी हाती आलेल्या गोष्टीचा कणा ओळखला आणि त्याला धक्का न लावता प्रसंग उभे केले. सात ऑस्कर नामांकनं मिळाली, त्यांत दिग्दर्शनाचं एक, आणि विशेष परिणामांचं ऑस्कर प्रत्यक्ष मिळालं.

नटांच्या वयाचा मुद्दाही पाहण्यासारखा आहे. चित्रीकरणाच्या वेळी ग्रेगरी पेक ४४ वर्षांचे, अँथनी क्विन ४५चे, डेव्हिड निव्हन पन्नाशीचे. कमांडो म्हणून ही वयं जास्तच, यावर तेव्हाही टीका झाली. पण पडद्यावर त्याचा फायदाच दिसतो. ही माणसं दोर धरून कड्यावर चढतात तेव्हा त्यांचं अंग जड वाटतं, दम लागलेला खरा वाटतो. विशीतला चपळ नट तोच कडा सरसर चढून गेला असता आणि कड्याची उंची निम्म्याने कमी झाली असती.

आता शेवटचा प्रसंग अगदी जवळून पाहू, कारण हे कसब कशाशी खातात ते तिथे उघड दिसतं. निव्हन यांचं पात्र, स्फोटकांचा जाणकार मिलर, तोफांपाशी काही स्फोटकं लावतो. ती जर्मनांना सापडावीत अशीच लावलेली असतात. खरा सापळा खाली आहे, तोफगोळे वर आणणाऱ्या लिफ्टच्या खोबणीत. लिफ्ट पुरेशी खाली आली की विजेचे दोन स्पर्शबिंदू जुळणार आणि स्फोट होणार.

इथून पुढे दिग्दर्शकाला चार जागा सांभाळायच्या आहेत. वर तोफांची गुहा, मधली लिफ्ट, तळातले स्पर्शबिंदू आणि बाहेर समुद्रात येणाऱ्या नौका. जर्मनांना वरची स्फोटकं सापडतात, ते ती काढून टाकतात, त्यांना हायसं वाटतं. नौका दिसू लागतात. लिफ्ट गोळे आणायला खाली येते आणि स्पर्शबिंदूंच्या जरा वरच थांबते. परत वर जाते. तोफा धडाडतात. पुन्हा लिफ्ट खाली. पुन्हा थोडक्यात हुकते.

इथे प्रेक्षकाला सगळं माहीत आहे, जर्मनांना काहीच नाही, आणि बाहेर वाट पाहणाऱ्या नायकांना आपला सापळा चालणार की नाही याची खात्री नाही. एकही शॉट 'हे काय आहे?' असा प्रश्न पाडत नाही. फट किती उरली ते डोळ्यांनी मोजता येतं. या प्रसंगात कॅमेऱ्याची करामत नाही, संकलनाची आतषबाजी नाही. प्रत्येक जागा आधी शांतपणे ओळखीची करून दिलेली असते, म्हणून शेवटी एका जागेवरून दुसऱ्या जागेवर झपाझप उड्या मारल्या तरी आपण हरवत नाही. ओळख आधी, वेग नंतर. हा क्रम उलटला की तोच प्रसंग कोसळतो. आजच्या कितीतरी मोठ्या चित्रपटांत तो उलटलेला दिसतो.

पाण्यातल्या चित्रीकरणाची किंमतही याच चित्रपटाने मोजली. शेवटच्या प्रसंगांच्या वेळी निव्हन यांच्या ओठावरच्या जखमेतून जंतुसंसर्ग झाला आणि ते मरणाच्या दारातून परतले. मुख्य नट आजारी आणि त्याचाच प्रसंग बाकी, असं झालं की दिग्दर्शकाने आधी काय काय घेऊन ठेवलंय यावर सगळं ठरतं.

लहान दगड, मोठा दगड

जुन्या साहसपटांतले कोसळते कडे आणि बुडत्या बोटी पुष्कळदा लहान प्रतिकृती असतात. त्या कधी खऱ्या वाटतात आणि कधी खेळणी वाटतात, याला साधं गणित आहे. १६ मीटर उंचीवरून दगड पडायला सुमारे १.८ सेकंद लागतात. तोच कडा सोळा पट लहान करून १ मीटरचा केला तर दगड सुमारे ०.४५ सेकंदात खाली येतो, म्हणजे चौपट लवकर. पडद्यावर तो खडकासारखा पडायला हवा असेल तर कॅमेरा चौपट वेगाने, सेकंदाला ९६ फ्रेमने चालवायचा आणि नेहमीच्या गतीने दाखवायचा. प्रतिकृती चौपट लहान असेल तर दुप्पट, म्हणजे ४८ फ्रेम पुरतात. थोडक्यात, जितक्या पट लहान त्याचं वर्गमूळ घ्यायचं आणि त्याने २४ला गुणायचं.

गणित केलं तरी दोन गोष्टी दगा देतात: पाणी आणि धूळ. पाण्याचा थेंब लहान करता येत नाही. छोट्या बोटीवर आदळणारा थेंब कलिंगडाएवढा दिसतो आणि भ्रम तुटतो. म्हणून समुद्राच्या प्रसंगांसाठी प्रतिकृती शक्य तितकी मोठी करतात, आणि वादळात नटांना स्टुडिओच्या टाकीत उतरवून वरून पाण्याच्या टाक्या त्यांच्यावर ओततात. धुळीचंही तसंच. बारीक चाळलेली माती वापरली नाही तर ढेकळं ढेकळांसारखीच दिसतात.

'मॅकेनाज गोल्ड' (१९६९) इथेच फसतो. निर्माते फोरमन, दिग्दर्शक थॉम्पसन, नायक पेक, म्हणजे 'नॅव्हरोन'चीच मंडळी. भारतात हा चित्रपट वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा लागत राहिला आणि तुफान चालला. इंग्रजी फारसं न कळणाऱ्यालाही तो समजला, याचं कारण वरच्या चार प्रश्नांत आहे. सोन्याची दरी कुठे आहे ते एकालाच ठाऊक, बाकी सगळे त्याच्या मागे, आणि पहाटेच्या उन्हात सुळक्याची सावली दरीची वाट दाखवणार. यात भाषांतर करण्यासारखं काय आहे? सावली सरकते आणि सगळ्यांच्या माना तिच्या मागे वळतात, तो प्रसंग आजही खिळवून ठेवतो. पण नदीतल्या तराफ्याच्या प्रसंगात नटांच्या पाठीमागच्या पडद्यावर दाखवलेलं दृश्य वेगळं पडतं, आणि शेवटी दरी ढासळते तेव्हा दगडांना वजनच नसतं. वजनाचा प्रश्न सुटला नाही, म्हणून इतका मोठा प्रलय होऊनही काळजात धस्स होत नाही. पात्रंही इतकी जमवली आहेत की मध्यावर कोण कुणाच्या मागे आहे याची खिचडी होते. तरीही हा चित्रपट टाकाऊ नाही. एकाच माणसाच्या हातून जमलेलं आणि हुकलेलं शेजारीशेजारी ठेवून पाहता येतं, इतका चांगला धडा दुसरा नाही.

सरहद्दीवरची आगगाडी

'नॉर्थ वेस्ट फ्रंटियर' (१९५९) हा थॉम्पसन यांचा चित्रपट आपल्याकडे 'नॅव्हरोन'इतका आठवला जात नाही. काळ १९०५, जागा वायव्य सरहद्द. सहा वर्षांच्या एका राजपुत्राला जुन्या वाफेच्या इंजिनाने शत्रूच्या मुलखातून बाहेर काढायचं आहे. चित्रीकरणाचा काही भाग राजस्थानात झाला, गाडीचा बराचसा प्रवास स्पेनमध्ये. इंजिन चालवणाऱ्या गुप्ताच्या भूमिकेत आय. एस. जोहर आहेत आणि त्यांनी ती मनापासून केली आहे.

यातला पुलाचा प्रसंग पाहाच. पुलाचा एक भाग उडवलेला, रूळ आधाराविना लोंबताहेत, खाली खोल दरी. आधी प्रवासी एकेक करून पलीकडे जातात, मग गाडी. अलीकडची बाजू, मधली पोकळी, पलीकडची बाजू, इतकाच नकाशा. त्यात एक संशयित प्रवासी आणि तो लहान मुलगा यांना दिग्दर्शक अशा जागी उभं करतो की पोकळीपेक्षा माणसाची भीती जास्त वाटू लागते. पाणी उपसणाऱ्या यंत्राच्या प्रचंड चाकाशेजारी मुलगा उभा राहतो त्या प्रसंगातही हेच. चाक फिरतंय, मूल जवळ जवळ जातंय, आणि ज्याने हाक मारायला हवी तो गप्प आहे.

कसबाला दाद देताना मतांना दाद द्यावी लागत नाही, हेही इथेच सांगायला हवं. या चित्रपटात बंडखोर म्हणजे डोंगरावरून उतरणारी चेहरा नसलेली टोळी आहे आणि इंग्रज कप्तान तारणहार. साम्राज्याने स्वतःची काढलेली ही तसबीर आहे. ती तशी आहे हे ओळखून, आपला राग शाबूत ठेवून, पुलाचा प्रसंग कसा बांधलाय ते शिकता येतं.

आगगाडीच्या टपावरचं साहस मुंबईला तेव्हा नवं नव्हतं. होमी वाडिया यांनी १९३६ साली 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये नायिका नादियाला धावत्या गाडीच्या टपावर लढवलं होतं, त्याआधी १९३५ साली 'हंटरवाली' करून झाला होता. हे सगळं परळच्या वाडिया मूव्हीटोनमधून झालं. त्याच वास्तूत १९४२ साली शांतारामबापूंनी राजकमल कलामंदिर थाटलं. शांतारामबापूंवर ग्रंथ निघाले आणि ते योग्यच आहे. पण चालत्या गाडीवर माणूस कुठून कुठे उडी मारतोय हे तोकड्या साधनांत स्वच्छ दाखवणाऱ्या होमीशेठचं कसब त्या मानाने फार कमी नोंदलं गेलं.

दुसरं पथक, आणि आपण पाहायचं काय

साहसपटातलं सगळंच मुख्य दिग्दर्शक चित्रित करत नाही. घोडदौड, गाड्यांचा पाठलाग, उंचावरच्या उड्या हे सेकंड युनिट म्हणजे दुसरं पथक घेतं. 'व्हेअर ईगल्स डेअर'मधल्या (१९६८) केबल कारसारख्या साहसदृश्यांमागे दुसऱ्या पथकाचे याकिमा कॅनट होते, स्वतः जुने स्टंटमन. दिग्दर्शक ब्रायन हटन यांचं कसब हे की कॅनट यांचे थरारक शॉट आणि आपले नटांचे शॉट यांतला सांधा त्यांनी दिसू दिला नाही. नटाची नजर, वाऱ्याची दिशा, अंगावरचा बर्फ, सगळं दोन्हीकडे जुळावं लागतं. मार्टिन कॅम्पबेल हे आजच्या काळातले याच घराण्याचे. 'द मास्क ऑफ झोरो'मध्ये (१९९८) तलवारीचे उस्ताद बॉब अँडरसन होते, आणि कॅम्पबेल यांनी कॅमेरा इतका मागे ठेवला की पायांची हालचाल दिसते. तलवारबाजी पायांत असते. चौकटीतून पाय कापले की उरतो नुसता खणखणाट.

हे सगळं डोळ्यांना दिसू लागावं म्हणून एक सवय लावून घेता येते. आवडता साहसप्रसंग काढा आणि आवाज बंद करून पाहा. संगीत नसताना भीती उरते का? उरली तर ती दृश्यांत आहे. मग कागदावर त्या जागेचा कच्चा नकाशा काढा: दार कुठे, शत्रू कुठे, पळायची वाट कुठे. चांगल्या दिग्दर्शकाच्या प्रसंगाचा नकाशा दोन मिनिटांत निघतो. नाही निघाला तर दोष तुमचा नाही. तिसऱ्यांदा पाहताना फक्त दिशा बघा. पळणारा डावीकडून उजवीकडे पळत असेल तर पाठलाग करणाराही तसाच यायला हवा. कॅमेरा दोघांच्या एकाच बाजूला राहिला तर ते टिकतं, पलीकडे गेला तर दोघं एकमेकांवर धावून येताहेत असं वाटतं. आणि शेवटी ओझ्यावर लक्ष ठेवा. पाठीवरची पिशवी, दोर, जखमी सोबती. आधीच्या प्रसंगात जड असलेली वस्तू पुढच्या प्रसंगात हलकी झाली, तर कुणीतरी काम अर्धवट टाकलं आहे.

सुरुवात करायला 'आइस कोल्ड इन ॲलेक्स'च घ्या. कप्तानाने ठरवलंय की अलेक्झांड्रियाला पोचेपर्यंत दारूला शिवायचं नाही, आणि पोचल्यावर सगळ्यांना गार बिअर पाजायची. त्यानंतर सुरुंग, दलदल, तो वाळूचा चढ, तहान आणि मोजलेलं पाणी. शेवटी चौघं बारमध्ये येतात. चार ग्लास ओतले जातात, काचेवर दव धरलेलं. कप्तान लगेच ग्लास उचलत नाही. एक बोट काचेवरून हळूच खाली ओढतो, दवात रेघ उमटते. मग एका दमात ग्लास रिकामा करतो. जॉन मिल्स यांना त्या शॉटसाठी खरी बिअर कितीतरी टेक प्यावी लागली.